दरवाजा सोडा, आत सरका

आप्पा, यंदाच्या यात्रेला घाटाचा माईक माझ्या हातात होता. तुमच्याच घाटाचा. दुसऱ्या कुणाकडनं तुमच्या कानावर जाण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं, कारण आपल्या गावची बरीच मंडळी आता वर तुमच्यापाशी जमली असतील आणि त्यातला एखादा नुकताच पोचलेला गडी तिखटमीठ लावून सांगायचा. म्हणून आज सुट्टी बघून बसलेय. वारूळवाडीतलं हे माझं स्वयंपाकघर, पोरं शाळेत, हे शेतावर, कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्यात. पोराच्या वहीची मधली पानं काढून घेतलीत. तो संध्याकाळी ओरडणार आहे, ओरडू दे.

लिहायला बसले की माझं स्वयंपाकघर राहतं बाजूला आणि आपलं जुनं दिसायला लागतं. आई चुलीपुढं बसलीय, तिची पाठ आपल्याकडं. तुम्ही चौकटीला टेकून उभे, माईक म्हणून हातात लाटणं. यात्रांचे दिवस जवळ आले की तुमचं हे रोजचंच. नवीन काही सुचलं की तुम्ही ते आईच्या पाठीला ऐकवणार. आई हूं की चूं करत नाही, भाकरी थापते, तव्यावर टाकते, उलटते. तिचा नियम एकच होता. भाकरी करपली तर ते वाक्य घाटात घ्यायचं, नाही करपली तर सोडून द्यायचं. तुमची किती वाक्यं त्या चुलीपुढं मेली, देवाला ठाऊक. पण एखाद्या दिवशी तिचे खांदे हलायला लागायचे, ती पदर तोंडाशी धरायची आणि तव्यावरनं धूर यायचा. मग ती काळी भाकरी तुम्ही ताटात मागून घ्यायचात, ही माझी म्हणून, आणि कौतुकानं कडेकडेनं मोडून खायचात. मी एकदा विचारलं होतं की आईच्या पाठीला कशाला सांगता, पुढं जाऊन सांगा की. तुम्ही म्हणालात, "अगं, घाटात माझ्याकडं कोण बघतंय? समद्यांची तोंडं बैलांकडं. पाठमोऱ्या माणसाला हसवता आलं पायजे."

परवा आमच्या एसटीच्या डेपोत नव्यानं आलेल्या एका पोरीला मी घाट म्हणजे काय ते समजावत होते. ती लातूरकडची, तिला आपल्या जुन्नर-आंबेगावचं हे वेड माहीत नाही. म्हटलं, बाई, चढाची एक लांब वाट असते, तिला घाट म्हणायचं. खालून गाडा सुटतो. गाड्यावर माणूस नसतो, चार बैल आणि त्यांच्यापुढं पळणारी एक घोडी. वर निशाणापाशी घड्याळ लावलेलं. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात आणि एक बारी तुझा चहाचा घोट गिळून होईपर्यंत संपलेली असते. ती म्हणाली, मग दिवसभर हजारो माणसं उन्हात करतात काय? मी म्हटलं, आता बरोबर विचारलंस. पुढच्या गाड्याचे बैल जुंपेपर्यंत थांबायचं. एखादा बैल उधळला, एखादा बसला, घोडी आडवी झाली, की थांबायचंच थांबायचं. आणि तेवढा वेळ ती माणसं दोन्ही बाजूंच्या उतारावर बसवून ठेवायची हे माझ्या बापाचं काम होतं. तुमचंच वाक्य मी तिला सांगितलं, की बैल पळताना कुणीबी बोलंल, बैल थांबल्यावर जो माणसं धरून ठेवतो त्याला माईक द्यावा. तिला ते लई आवडलं. तिनं मोबाईलच्या स्टेटसला ठेवलं, खाली तुमचं नाव न टाकता.

तुमची सगळ्यात मोठी बोलणी मी खाल्ली ती सातवीत. शाळेचं गॅदरिंग, मी भाषण पाठ केलेलं, सन्माननीय व्यासपीठापासून जय हिंदपर्यंत एकही शब्द चुकला नाही. मास्तरांनी पाठ थोपटली. येताना रस्त्यात मी आपली वाट बघतेय, आता म्हणतील, मग म्हणतील. ओढा ओलांडल्यावर तुम्ही म्हणालात की एवढं पाठ व्हतं तर लोकांना कशाला बोलावलं, घरीच म्हणायचंस. मी ओढ्याकाठी बसून रडले. तुम्ही समजूत काढली नाही, नुसते शेजारी बसलात आणि सांगितलंत की मधल्या रांगेतली एक म्हातारी सारखी चप्पल शोधत होती, तिला तू एका शब्दानं विचारलं असतंस तर सगळा मांडव तुझा झाला असता. तेव्हा मला तुमचा राग आला होता. चप्पल शोधणाऱ्या म्हातारीचा आणि देशप्रेमाचा काय संबंध, असं मला वाटत होतं.

मग मी लाल गाडीवर कंडक्टर झाले. पहिल्या दिवशी तुम्ही न सांगता जुन्नरला स्टँडवर येऊन गाडीत चढलात, रीतसर तिकीट काढलंत आणि पार शेवटच्या सीटवर जाऊन बसलात. नारायणगावला उतरताना माझ्या हातात ज्येष्ठमधाची डबी ठेवलीत, तीच तुमच्या सदऱ्याच्या खिशातली, झाकण चेपलेली. म्हणालात, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचतोय, घसा जप. बस, एवढंच. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, नाहीतर मी तुम्हाला मिठी मारली असती. ती डबी अजून माझ्या पिशवीत असते आणि झाकण अजून तसंच अडकतं.

पुढं शर्यतींवर बंदी आली आणि घाटात गवत वाढलं. तुम्ही लग्नात बोलायला जायचात, हळदीला जायचात, पण परत आल्यावर तोंड उतरलेलं असायचं. लग्नात माणसं जेवायला आलेली असतात, जेवल्याशिवाय जातायत कुठं, त्यात आपली काय कर्तबगारी, म्हणायचात. बंदी उठायची वाट बघत बघत तुम्ही गेलात. ज्या दिवशी ती उठली त्या दिवशी गावात फटाके वाजले आणि आईनं तुमच्या फोटोपुढं चहाचा कप ठेवला, बशीसकट. मला ते बघवलं नाही, मी परसात गेले.

आता यंदाचं ऐका. यात्रेला मी माहेरी आलेली, पुरणाचं डाळ-गूळ मीच आणलं होतं. सकाळी आई आणि मी पुरण वाटतोय, तेवढ्यात यात्रा कमिटीचा अध्यक्ष दारात. तुमच्या जुन्या दोस्ताचा थोरला पोरगा तो, लहानपणी माझी वेणी ओढायचा. आता केस पांढरे झालेत त्याचे. ठरवलेला निवेदक खेडकडनं येत होता आणि मंचरला कांद्याच्या गाड्यांत अडकला होता, मागं नाही पुढं नाही. घाटात माणूस मावत नाही एवढं जमलेलं. आणि साहेबांनी, म्हणजे बंदोबस्ताला आलेल्या फौजदारानं, सकाळीच बजावलं होतं की माणसं उतारावरनं घाटाच्या वाटेत आली तर मी शर्यत तिथल्या तिथं बंद करीन आणि वर तसं कळवीन, मग पुढच्या वर्षी परवानगी विसरा. अध्यक्ष मला म्हणाला, "ताई, तो येईस्तवर तेवढं धरून ठेव. आप्पांची लेक हायेस."

कमिटीत कुरकुर झालीच. एक वयस्कर गाडामालक होते, तुमच्या वेळचेच, त्यांनी तोंडावर सांगितलं की घाटात आजवर बाईचा आवाज घुमला न्हाई. अध्यक्षानं उत्तर दिलं की ती गावची लेक हाय, सून न्हाई, आणि उशीर होतोय. मी घाबरले होते, आप्पा. भीती माणसांची नव्हती, पन्नास सीटच्या गाडीत नव्वद माणसं मी रोज कोंबते. भीती ही होती की तुमची वर्षानुवर्षांची जागा आणि मी तिथं उभी राहून माती खाल्ली तर लोक माझं नाव काढणार नाहीत, तुमचं काढतील. आणि एकदा माती खाल्ली की पुन्हा आपल्या गावात कुठल्याच बाईच्या हातात तो माईक येणार नाही, हेही कळत होतं. आईनं पुरणाचा हात धुतला, माझ्या खांद्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, जा, भोंगा घरापर्यंत ऐकू येतो. लहानपणी तुमचा आवाज आम्ही त्या भोंग्यातनंच ऐकायचो, कारण बायका घाटाला यायच्याच नाहीत.

मंचावर चढले आणि मी तुम्ही झाले. म्हणजे व्हायला गेले. तुमचीच सुरुवात, तमाम गाडाशौकिनांना तुमच्याच चालीत नमस्कार, आवाज जाड करून. मग तुमचं ते भंडाऱ्याचं, की गाडामालक, भंडारा बेतानं उधळा, घरी कालवणाला हळद उरली पायजे. या वाक्यावर आईच्या दोन भाकरी करपल्या होत्या. मी थांबले, हसू येईल म्हणून. काही नाही. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या, ओळखीचं माणूस दिसल्यासारख्या. खालून एक पोरगं ओरडलं, "ताई, हे आमच्या आज्यानं ऐकलंय." त्यावर मात्र हसू आलं, भरपूर. मी तुमचं दुसरं काढलं, तिसरं काढलं. पहिल्या दोन बाऱ्या कशाबशा गेल्या. पोरं मोबाईलमध्ये, बापे तंबाखूत, आणि माझा आवाज भोंग्यातनं माझ्याच अंगावर परत येत होता.

तिसरी बारी निशाणापाशी आली आणि गाड्याचं चाक घड्याळाच्या वायरवरनं गेलं. वायर तुटली. दुरुस्त करायला कोण आणायचा, किती वेळ, कुणाला ठाऊक नाही. ऊन मरणाचं. आणि माणसं खाली उतरायला लागली. आधी दोघंचौघं, पाय मोकळे करायला. मग त्यांच्यामागं रांगच. बघता बघता घाटाच्या वाटेत जत्रा. खाली पुढच्या गाड्याचे बैल जुंपलेले, एक खोंड लई गरम, चौघांना आवरत नव्हता. तो सुटला असता तर काय झालं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको. मी आधी विनंती केली, मग हात जोडून विनंती केली. कुणी ऐकेना, समद्यांच्या पाठी माझ्याकडं. फौजदार खुर्चीतनं उठले, टोपी घातली आणि मंचाच्या पायऱ्यांकडं निघाले. अध्यक्षाचं तोंड पांढरंफटक.

आणि माझ्या तोंडातनं गेलं. ठरवून नाही, आप्पा, शपथ घेऊन सांगते. रोज सकाळी जे जातं तेच गेलं, त्याच सुरात. "ओ भाऊ, दरवाजा सोडा, आत सरका. दारात कोण उभं राहिलंय? मागं समदी गाडी मोकळी हाय."

हसू फुटलं, आणि असं फुटलं की डाव्या उताराकडनं उजव्या उताराकडं जाऊन परत आलं. माणसं वळून मंचाकडं बघायला लागली. मला वाटलं, गेली अब्रू. कंडक्टरची कंडक्टरच राहिली. तेवढ्यात मघाचंच ते पोरगं कमरेवर हात ठेवून ओरडलं, एक फुल्ल एक हाफ मंचर. आणि मी विचार केलाच नाही. म्हटलं, हाफ कुणाचं, तुझं का? मिसरूड फुटलंय, फुल्ल लागंल, आणि सुट्टे पैसे काढून ठेव. त्याचे मित्र त्याला बडवायला लागले. मी म्हटलं, दंगा करणाऱ्यांना पुढच्या स्टॉपला उतरवण्यात येईल, बसा गुमान. बसली की हो. वाटेतली माणसं वर चढायला लागली. कुणी रेंगाळलं की मी विचारायची, लाल टोपीवालं पावणं, तुमचं तिकीट झालं का? शेजारचेच त्यांना हाताला धरून ओढून घ्यायचे. फौजदार पायरीवर उभे होते. मी म्हटलं, तपासनीस साहेब गाडीत चढलेत, ज्यांची तिकिटं न्हाईत त्यांनी आत्ताच सरकून घ्या. फौजदार मिशीत हसले, पाणी प्यायले आणि जाऊन खुर्चीत बसले.

मग काय, सुटलेच मी. डावा उतार खिडकीची बाजू, उजवा उतार उन्हाची बाजू, त्यांना म्हटलं जुन्नरपासनं ऊन ह्याच बाजूला असतं, माझ्या हातात काही न्हाई. घड्याळवाला वायर जोडत होता, त्याच्याबद्दल सांगितलं की गाडी पंक्चर झालीय, ड्रायव्हर जॅक शोधतोय, प्रवाशांनी खाली उतरू नये, उतरलात तर ढकलायला लावीन. चप्पल शोधणारी एक म्हातारी मात्र आपल्या घाटात नव्हती, पण एक आजोबा बसायला दगड शोधत होते. मी त्यांच्यासाठी गाडी थांबवली. म्हटलं, दगड मिळेपर्यंत डबल बेल देणार न्हाई. पंचवीस जणांनी दगड आणले, एकानं तर खुर्ची. आणि मघाचे ते गाडामालक, बाईचा आवाज न्हाई म्हणणारे, त्यांना मी पार पुढं बोलावलं आणि जाहीर केलं की ज्येष्ठ नागरिकांची राखीव सीट ह्यांची, तिथं दुसरं कुणी दिसलं तर माझ्याशी गाठ आहे. तुम्ही सांगायचात ना, ज्याची चेष्टा करायची त्याला घरी गेल्यावरपण हसता आलं पायजे. ते हसले. पटका सारखा करून सगळ्यांकडं बघत ऐटीत बसले.

घड्याळ लागलं. गाडा सुटला आणि मी बैलांबरोबर स्टॉप पुकारत गेले, वारूळवाडी, नारायणगाव, ओझर फाटा, आणि घाट माझ्यामागनं ओरडत होता. दुसऱ्या गाड्याला तर लोकच माझ्या आधी पुकारायला लागले. निशाण पडलं की सगळ्यांनी मिळून डबल बेल. ठरवलेला निवेदक कधी येऊन मंचाखाली उभा राहिला मला कळलंच नाही. दिसला तेव्हा मी माईक पुढं केला. भला माणूस, राव. म्हणाला, ताई, चालू द्या, मी चहा घेऊन येतो. शेवटच्या फेरीला मात्र त्यानं घेतला, आणि ते बरोबरच झालं, ती त्याचीच. जाताना माझा नंबर घेऊन गेलाय. घोडेगावच्या अंगाला एका गावची यात्रा आहे, तिथं दोघांनी बोलायचं म्हणतोय. मी हो म्हटलंय. आणि आपल्या कमिटीनं पुढच्या वर्षीच्या माईकचा मानाचा नारळ मला आत्ताच दिलाय, तो त्या राखीव सीटवाल्यांच्या हातनं. ते म्हणाले, पोरी, पुढच्या साली खिडकीची जागा दे.

घरी आले तर आई पोळ्या करून पाहुण्यांची वाट बघत बसलेली. तिनं मला पाट दिला, ताट वाढलं, त्यात पुरणाची एक पोळी, अर्धी काळी. म्हणाली, "ही तुझी. त्या दरवाजाच्या वक्ताला तव्यावर व्हती." मी ती सगळी खाल्ली, कडेकडेनं मोडून. कडू लागली आणि डोळ्यांतनं पाणी आलं, त्यातलं किती धुराचं आणि किती दुसरं ते तुम्ही ठरवा. गावात त्या दिवसापासनं जो भेटतो तो एकच म्हणतो, की तुझ्या तोंडातनं आप्पाच बोलत होते. मी हात जोडते. आईनंही तेच विचारलं, जेवताना, तुमच्या फोटोकडं न बघता, की आज ह्यांची लई आठवण आली असंल तुला, न्हाई? मी हो म्हटलं.

पानं संपत आली, पोरं येतील आता. हे कुठल्या पेटीत टाकायचं नाही, ज्येष्ठमधाच्या डबीत मावेल एवढी घडी घालीन, झाकण तसंही नीट लागत नाही. फक्त एक आहे, जे आईला सांगितलं नाही. पहिल्या दोन बाऱ्या मी तुम्हालाच आठवत होते, आप्पा. त्यानंतर दिवसभर तुमची आठवण एकदासुद्धा आली नाही.